रोबो शहाबादी फरशीवर का भरकटतो?

बाईंना विचारा : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या एका अंकात मी सहज लिहून गेले, की शिकवताना कपाटातल्या रोबोपेक्षा अंगणातल्या चिंचोक्यावर माझा जास्त भरवसा आहे. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली, की संपादकांनी या महिन्याचं सगळं सदर त्यालाच देऊन टाकलं. काहींनी पाठ थोपटली, काहींनी यथेच्छ झोडपलं. नव्या वाचकांसाठी सांगते : मी ३१ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत होते, त्यातली शेवटची सहा गटसाधन केंद्रात, म्हणजे तालुक्यातल्या शिक्षकांच्या प्रशिक्षणाच्या कामात. इंजिनियर नाही. वायरीचं टोक सोलायला शिकले तेव्हा पन्नाशी उलटली होती. तेवढं लक्षात ठेवून वाचा.

*

बाई, आमची शाळा पहिली ते सातवी, पट ७८. एका कंपनीच्या निधीतून रोबोटिक्सचं किट मिळालं. उद्घाटन झालं, फोटो झाले. गेले आठ महिने किट मुख्याध्यापकांच्या कपाटात आहे. ‘डेडस्टॉकला (टिकाऊ सामानाच्या वहीत) नोंद आहे, मोडलं तर भरायचं कुणी?’ असं सर म्हणतात. मी विज्ञान शिकवते, पण इलेक्ट्रॉनिक्सचं मला काही कळत नाही. सुरुवात कुठून करू?
— शिक्षिका, जत तालुका

कपाटाच्या किल्लीपासून करा. सरांची भीती खोटी नाही. निर्लेखनाचा, म्हणजे मोडकी वस्तू वहीतून कमी करण्याचा, प्रस्ताव ज्यानं एकदा केलाय त्यालाच ती कळते. म्हणून वाद घालू नका. किटचे दोन ढीग करा. बोर्ड (रोबोचा मेंदू) आणि मोटारी एका ढिगात, वायरी, सेन्सर, एलईडी, सेल दुसऱ्यात. हा दुसरा ढीग खडू-डस्टरसारखा वापरून संपणारा आहे, असं शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत मांडा आणि इतिवृत्तात लिहून घ्या. कागदावर आलं की सरांचा जीव भांड्यात पडेल.

आता मोडण्याबद्दल. माझ्या हातून पहिला सेन्सर गेला तो भर वर्गात. त्याला तीन पाय होते : एक वीज आत घेणारा, एक परत नेणारा, एक निरोप देणारा. मी पहिले दोन उलटे जोडले. अर्ध्या मिनिटानं मागच्या बाकावरून आवाज आला, “बाई, उदबत्ती लावलीय का?” पन्नास-साठ रुपयांची वस्तू होती. पण त्या दिवसानंतर माझ्या वर्गातल्या एकाही पोरानं जोडणी न तपासता बटण दाबलं नाही.

शीर्षकातल्या फरशीची गोष्ट त्याच शाळेतली. कार्यशाळेत आम्हाला काळ्या रेघेवरून चालणारा रोबो शिकवला होता. पांढऱ्या ड्रॉइंग पेपरवर काळी इन्सुलेशन टेप लावायची आणि त्यावरून गाडी सोडायची. तिथं ती शहाण्या बैलासारखी चालली. शाळेत आणून मी व्हरांड्यातल्या शहाबादी फरशीवर टेप चिकटवली. गाडी दोन वीत गेली, थबकली, डावीकडं वळली आणि सरळ पोषण आहाराच्या खोलीकडं निघाली. “बाई, हिला भूक लागलीय,” पोरं म्हणाली. मला मात्र घाम फुटला, कारण केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख ठेवणारे साहेब, बघायला येणार होते.

गाडीच्या पोटाखाली दोन सेन्सर असतात. प्रत्येक सेन्सर डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड उजेड खाली टाकतो आणि किती परत येतो ते मोजतो. पांढऱ्यावरून भरपूर परत येतो, काळ्यावरून जवळजवळ काहीच नाही. एवढ्या फरकावर गाडीचं सगळं शहाणपण उभं. आमची शहाबादी करडी-काळसर, वर्षानुवर्षं पायांखाली घासलेली. तिच्यावरची काळी टेप मला दिसत होती, गाडीला दिसत नव्हती. सेन्सरवर एक छोटा निळा स्क्रू असतो, तो फिरवून ‘किती काळं म्हणजे काळं’ हे ठरवता येतं. मी तो एवढा फिरवला की बोटाला वळ उठले. शेवटी एका सातवीतल्या पोरानं गावातून उतरवलेला वाढदिवसाच्या शुभेच्छांचा फ्लेक्स आणला आणि पुढाऱ्यांना तोंडावर झोपवून पाठीमागची पांढरी बाजू वर केली. त्यावर टेप लावली. गाडी चालली.

चालली ती सकाळी. दुपारी तीनला केंद्रप्रमुख आले तेव्हा पुन्हा वेडी झाली. तोच फ्लेक्स, तीच टेप, तेच सेल. मी कोड, म्हणजे गाडीला दिलेल्या सूचना, चाळत बसले. एक मुलगी मात्र काही न बोलता फ्लेक्सकडं बघत होती. आमचा व्हरांडा पश्चिमेला तोंड करून. तिनं वर्गातून छत्री आणली आणि पालखीवर धरावी तशी गाडीवर धरून ती गाडीबरोबर चालू लागली. गाडी सरळ! उन्हातही इन्फ्रारेड असतो. उन्हाच्या झोतात सेन्सरला सगळंच पांढरं दिसत होतं. ही कारणमीमांसा मी त्या रात्री वाचून काढली. त्या मुलीनं छत्री धरली ती एवढ्यावरच, की “सकाळी इथं सावली होती.”

तुम्ही विज्ञान शिकवता, बाई. एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायची, हे तुमच्या पुस्तकातलंच आहे. फक्त इथं पोरांना ते करावंच लागतं, नाहीतर गाडी चालत नाही.

आणखी एक. किटमध्ये नऊ व्होल्टचा चौकोनी सेल आला असेल तर तो मोटारींना जोडू नका. विहिरीवरची मोटर सुरू झाली की घरातला दिवा मंद होतो ना, तसंच होतं. मोटर ओढायला लागली की त्या सेलचा दाब घसरतो, बोर्डाला वाटतं वीज गेली, आणि ते पहिल्यापासून सुरू होतं. गाडी उचकी लागल्यासारखी चालते. मग शिक्षक महिनाभर कोडमध्ये चूक शोधतात. चांगल्या पेन्सिल सेलचा डबा घ्या, नाहीतर चार्ज होणारे सेल.

पहिला महिना रोबो बांधूच नका. एक एलईडी लावा, विझवा, दोनदा मिचकवा, एवढंच. जवळच्या माध्यमिक शाळेत अटल टिंकरिंग लॅब, म्हणजे मुलांनी हातानं वस्तू बनवून बघायची प्रयोगशाळा, आहे का, चौकशी करा. २०१६ पासून नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशननं सहावी ते बारावीसाठी अशा लॅब उभ्या करायला शाळेमागे २० लाखांपर्यंत अनुदान दिलेलं आहे, आणि आसपासच्या मुलांनाही त्यांचा उपयोग व्हावा अशी त्यात अपेक्षा आहे. मी पाहिलेल्या एका लॅबमधला थ्रीडी प्रिंटर साडीच्या कव्हरमध्ये होता. तरी विचारून बघा, कधीकधी तिथले सर वाटच बघत असतात, की कुणीतरी यावं. आणि सुट्टीत जमलं तर पुणे जिल्ह्यातलं पाबळ गाठा. डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ मध्ये तिथं विज्ञान आश्रम सुरू केला. हातानं काम करत शिकायचं, हे तिथं रोबोटचं नावही गावात कुणी ऐकलं नव्हतं तेव्हापासून चाललंय.

*

माझा मुलगा चौथीत आहे. ऑनलाइन कोडिंग क्लासवाल्यांचे रोज फोन येतात. ‘आत्ता नाही शिकला तर मागे पडेल’ म्हणतात. फी ऐकून छातीत धडकी भरते. घालावा का?
— पालक, डोंबिवली

फोनवर बोलणाऱ्याचा पगार तुमच्या धडकीतूनच निघतो, हे आधी ध्यानात घ्या.

स्क्रॅच नावाची गोष्ट आहे. अमेरिकेतल्या एमआयटीच्या मीडिया लॅबनं २००७ मध्ये मुलांसाठी खुली केली. रंगीत ठोकळे एकाखाली एक जोडून प्रोग्रॅम करायचा. फुकट आहे आणि एकदा उतरवून घेतली की इंटरनेटशिवायही चालते. तीन महिने घरी तीच द्या. क्लास पळून जात नाही.

त्याआधी एका रविवारी कागद-पेन्सिल घेऊन मुलाशेजारी बसा. कोणताही चार आकडी अंक घ्या, सगळे आकडे सारखे नकोत. समजा ३५२४. त्याच आकड्यांचा सगळ्यात मोठा अंक करा, ५४३२. सगळ्यात लहान करा, २३४५. वजा करा, ३०८७. पुन्हा तेच : ८७३० वजा ०३७८, आले ८३५२. पुन्हा : ८५३२ वजा २३५८, आले ६१७४. आता ६१७४ वर करून बघा. ७६४१ वजा १४६७, परत ६१७४! कुठूनही निघा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत इथंच येऊन थांबता. हे शोधलं दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांनी, आपल्या देवळालीतल्या एका शाळामास्तरांनी. जगभर हा अंक त्यांच्या नावानं ओळखतात.

मुलगा पाचव्या-सहाव्या वजाबाकीला कंटाळेल. कंटाळू द्या. “हे कॉम्प्युटरकडून करून घेता येईल का?” असं तो आपण होऊन म्हणाला, तर त्याला जे शिकायचंय ते सुरू झालं. नाही म्हणाला, खेळायला पळाला, तर त्याला खेळू द्या. चौथीत आहे तो.

*

मी निवृत्त मुख्याध्यापक. चिंचोके, काड्या, गोट्या घेऊन आम्ही पिढ्या घडवल्या. आता वर्गात पडदा आला आणि शिक्षक बाजूला बसला. लोकवर्गणीतून घेतलेले टीव्ही, टॅब सगळे धूळ खात पडलेत. या खेळण्यांनी मुलं शिकतात याचा एक तरी पुरावा द्या.
— पंढरपूर

सर, नमस्कार. पत्राची पहिली दोन पानं मला जशीच्या तशी मान्य. २०१५ नंतर गावोगाव ‘डिजिटल शाळा’ झाल्या तेव्हा वर्गणीसाठी दारोदार फिरलेल्यांत मीही होते. त्यातल्या एका शाळेत विजेचं बिल थकलं, मीटर गेला आणि टीव्हीवर हळदी-कुंकवाचं सामान ठेवायला लागले, हे मी या डोळ्यांनी पाहिलंय.

पण पुरावा मागताय, तर घ्या. आपल्या माणसांची इतकी घरं आहेत त्या बडोद्यातलाच आहे. २००० मध्ये गुजरात सरकारनं तिथल्या महापालिकेच्या १०० शाळांना प्रत्येकी चार कॉम्प्युटर दिले. दोन वर्षांनी बघितलं तर बहुतेक ठिकाणी ते वापरातच नव्हते. तुमच्या टॅबसारखेच, सर. मग शिक्षणात काम करणाऱ्या ‘प्रथम’ संस्थेनं चौथीच्या मुलांसाठी आठवड्यातून दोन तास गणिताचे खेळ सुरू केले, एका कॉम्प्युटरवर दोन मुलं. खेळ असा, की मूल जिथं अडलंय तिथूनच गणितं यायची. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो (पुढं २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले) यांनी सहकाऱ्यांबरोबर त्याची रीतसर चाचणी घेतली. गणित स्पष्टपणे सुधारलं. भाषेत फरक पडला नाही. आणि खेळ थांबल्यावर वर्षभरात सुधारणेचा मोठा भाग ओसरला. म्हणजे तुमच्या बाजूनंही त्यात काही आहेच.

याच गटातल्या ली लिंडेन यांनी गुजरातमध्येच पुढं एक बारकाई तपासली, आणि मला ती जास्त मोलाची वाटते. कॉम्प्युटर शिक्षकाच्या तासाच्या *जागी* दिला तेव्हा मुलं आधीपेक्षा कमी शिकली. तोच कॉम्प्युटर शाळा सुटल्यावर *जादा* दिला तेव्हा फायदा झाला, आणि मागं राहिलेल्या मुलांचा सगळ्यात जास्त झाला. त्या शाळांतले शिक्षक चांगलं शिकवत होते. त्यांचा तास काढून घेतल्यावर पोरांचं नुकसान झालं.

तेव्हा सर, पडदा आला म्हणून शिक्षक बाजूला बसला असेल तर तुमचा राग रास्त आहे. पण चिंचोके तुम्ही का वापरायचात? मुलाचं बोट कुठं अडतंय ते दिसावं म्हणून. चांगला खेळ तेच करतो, कॉम्प्युटरवर असला म्हणून काय झालं. वाईट खेळ नुसता टाळ्या वाजवतो आणि फुगे सोडतो. तो मलाही नको.

*

मी केंद्रप्रमुख आहे. केंद्रातल्या शिक्षकांच्या मासिक बैठकीत, म्हणजे शिक्षण परिषदेत, दर महिन्याला तंत्रज्ञानावर तास ठेवायचा आहे. पीपीटी लावली की मागच्या रांगा मोबाइलमध्ये. तज्ज्ञ बोलावला तर तो बोलून जातो, वर्गात काही होत नाही. काय करू?
— खटाव तालुका

मागच्या रांगेला दोष देऊ नका. मी तिथं बसलेली आहे. लॉकडाउनमध्ये ऑनलाइन प्रशिक्षणांची रीघ लागली होती, तेव्हा एकीकडं व्हिडिओ चालू ठेवून मी दोन किलो शेंगा सोलल्या. प्रमाणपत्र सुबक आलं.

आपल्याकडं प्रशिक्षण राज्यावरून जिल्ह्याला, जिल्ह्यावरून तालुक्याला, तिथून केंद्राला येतं. डोक्यावरची घागर घेऊन चार मैल चालावं, तसं घरी पोचेपर्यंत निम्मं हिंदकळून गेलेलं असतं. गंमत म्हणजे जे सांडतं ते नेमकं करून बघण्याचं, चुकण्याचं. स्लाइड तेवढ्या शाबूत पोचतात.

मी एकदा स्लाइड विसरून गेले होते. खोटं कशाला सांगू, पेनड्राइव्ह घरी राहिला होता. समोर चाळीसेक शिक्षक. विषय ‘भूमितीत तंत्रज्ञानाचा वापर’. मी हॉलमधल्या खुर्च्या मागं सारल्या, हातात रांगोळीचा डबा घेतला आणि म्हणाले, “मी कासव. मला दोनच गोष्टी कळतात : ‘पुढे अमुक पावलं’ आणि ‘उजवीकडे अमुक अंश वळा’. माझ्याकडून समभुज त्रिकोण काढून घ्या.”

हे काही माझं डोकं नव्हे. १९६७ मध्ये अमेरिकेत सेमूर पेपर्ट, वॉली फॉयर्झाइग आणि सिंथिया सॉलोमन यांनी मुलांसाठी लोगो ही भाषा तयार केली. पुढं त्यात जमिनीवर आणि पडद्यावर चालणारं कासव आलं. मला ते एका जुन्या कॉम्प्युटरवर भेटलं होतं.

सगळ्यांनी एका सुरात सांगितलं, “पाच पावलं पुढे.” गेले. “उजवीकडे ६० अंश वळा.” वळले. पाच पावलं, ६० अंश. पाच पावलं, ६० अंश. तिसरी बाजू संपली तरी मी आरंभाच्या ठिपक्यापासून लांबच. “चालत राहा बाई!” राहिले. सहाव्या बाजूला मी ठिपक्यावर पोचले. खाली रांगोळीचा सुरेख षटकोन!

हॉल शांत. मग पुढून एक ज्येष्ठ गुरुजी म्हणाले, “बाई, तुम्ही वळण्यात चुकलात.” मी डबा त्यांच्या हातात दिला. ते स्वतः चालले. त्यांचाही षटकोन. आता मागच्या रांगेतले मोबाइल खिशात गेले होते. लोक उभं राहून भांडत होते. एक तरुण शिक्षिका पुढं आली, पहिल्या बाजूच्या टोकावर उभी राहिली, हात सरळ पुढं केला आणि तसाच हळूहळू दुसऱ्या बाजूच्या दिशेपर्यंत फिरवला. “आपण आतला कोन सांगतोय,” ती म्हणाली, “पण वळायचंय बाहेरच्या कोनातून. १८० मधून ६० गेले. १२० वळावं लागेल.” १२० नं त्रिकोण झाला. मग कुणीतरी आपण होऊन चौकोन, पंचकोन केले, आणि फळ्यावर लिहिलं गेलं : ३६० भागिले बाजू. मी तोंडातून शब्द काढला नव्हता.

जेवणानंतर कॉम्प्युटर सुरू केला आणि तेच कासव पडद्यावर दाखवलं. पाच मिनिटं पुरली.

तुमच्या परिषदेत तज्ज्ञ नको. रांगोळीचा डबा आणि कासव व्हायला तयार असलेला एक माणूस हवा. शक्यतो तुम्हीच व्हा. केंद्रप्रमुख चुकताना बघायला सगळी परिषद जागी राहील. आणि पुढच्या महिन्याला प्रत्येकानं आपल्या वर्गात *न जमलेली* एक गोष्ट घेऊन यायची, असा दंडक घाला. यशोगाथांसाठी व्हॉट्सॲप ग्रुप आहेच.

*

मी डी.एल.एड.च्या (शिक्षक पदविकेच्या) दुसऱ्या वर्षाला आहे. सरावपाठात कोडिंगची ओळख घ्यायची आहे. शाळेत दोन कॉम्प्युटर, दोन्ही बंद. काय करता येईल?
— छात्राध्यापिका, नाशिक जिल्हा

बंद आहेत ते बरंच झालं. सुरू असते तर ४० मिनिटांतली २५ ते चालू होण्यात गेली असती.

पाच जाड पुठ्ठे घ्या. त्यांवर १६, ८, ४, २ आणि १ असे ठळक ठिपके काढा, कोरी बाजू मागं. पाच मुलं वर्गासमोर ओळीत उभी करा, वर्गाकडं बघताना १६ वाला डावीकडं, १ वाला उजवीकडं. पुठ्ठा दाखवला म्हणजे ‘आहे’, कोरी बाजू दाखवली म्हणजे ‘नाही’. आता वर्गाला म्हणा, आज १९ तारीख, १९ ठिपके दिसायला हवेत. १६ ठेवा, ८ नको, ४ नको, २ ठेवा, १ ठेवा. फळ्यावर लिहा : १००११. कॉम्प्युटर १९ हा अंक असाच साठवतो.

मग प्रत्येकाला आपापल्या वाढदिवसाची तारीख करायला लावा. पाच पुठ्ठ्यांत शून्यापासून ३१ पर्यंत सगळे अंक बसतात, म्हणजे महिन्याची कुठलीही तारीख. कुणीतरी आगाऊ पोरगं ३२ मागेलच. देऊ नका उत्तर. “सहावा लागेल, आणि त्याच्याकडं ३२ ठिपके लागतील,” हे वर्गातूनच येतं.

शेवटी शून्यापासून ओळीनं मोजायला लावा, एक, दोन, तीन. इथं १ वाल्याकडं लक्ष ठेवा. त्याला प्रत्येक आकड्याला पुठ्ठा उलटावा लागतो. दोनवाला एकाआड एक उलटतो, चारवाला चारांतून एकदा, आणि १६ वाला आरामात उभा असतो, एकदाच हलतो. माझ्या वर्गात १ वाला वैतागून म्हणाला होता, “बाई, सगळं काम मलाच का?” त्याच्या वैतागावर पाठ उभा राहतो. पाठाच्या टाचणात मात्र हे वाक्य लिहू नका, निरीक्षकांना कळणार नाही.

न्यूझीलंडच्या कँटरबरी विद्यापीठातल्या टिम बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉम्प्युटरशिवाय कॉम्प्युटर शिकवायचे असे पुष्कळ खेळ जमवलेत. हा त्यांतलाच. नेटवर फुकट मिळतात. भाषा इंग्रजी आहे, पण चित्रं बोलकी आहेत.

*

मोबाइलवर क्विझ घेतली की वर्गात नुसता गलका. तीच तीन मुलं दरवेळी जिंकतात.
— शिक्षक, सिंधुदुर्ग

घड्याळ बंद करा. गलका प्रश्नांचा नसतो, उलट्या मोजणीचा असतो. आणि गुणफलक दाखवणं थांबवा.

प्लिकर्स नावाचं मोबाइल ॲप वापरून बघा. प्रत्येक मुलाकडं एक छापलेला कागद, त्यावर काळ्या चौकटींचं चिन्ह. उत्तर जे असेल ती बाजू वर धरायची. तुमच्या एका फोनचा कॅमेरा सगळ्या वर्गावरून फिरवला, की कुणी काय उत्तर दिलं ते तुम्हाला दिसतं, शेजाऱ्याला दिसत नाही. मुलांकडं फोन लागत नाही. अर्ध्या वर्गानं एकच चूक केलेली दिसली की क्विझ तिथंच थांबवा. पुढचा प्रश्न विचारायची घाई कशाला?

*

बाई, मी सातवीत आहे. आमच्या शाळेत रोबोट आहे पण सर हात लावू देत नाहीत. काचेतून बघायचा. तुम्ही सरांना सांगाल का?
— (गावाचं नाव लिहिलेलं नाही. अक्षर छान आहे.)

मी सांगितलं तर सरांना राग येईल, म्हणून तूच सांग, पण असं सांग. कपाटाच्या काचेतून रोबोटची सेलची पेटी दिसते का बघ. मग सरांना म्हण, “सर, सेल आत घालून वर्ष झालं. गळले तर पांढरी पावडर बाहेर येते आणि पत्रे गंजतात. काढून ठेवू का?” हे खरंच आहे, थाप नाही. घरच्या रिमोटमध्ये बघ.

सर कपाट उघडतील. सेल काढायला रोबोट बाहेर घ्यावा लागेल. स्क्रू-ड्रायव्हर तुझ्या दप्तरात असू दे, आणि एक छत्रीपण.